नाण्याचं गाव कोणतं?

इंटरनेटवर इंग्रजी अक्षरांत ‘हट्टा’ एवढंच टाइप केलं की आधी दुबईच्या डोंगराळ भागातलं हट्टा समोर येतं. मध्य प्रदेशात दमोह जिल्ह्यात एक हट्टा आहे, बालाघाट जिल्ह्यात बावडीसाठी ओळखलं जाणारं दुसरं आहे. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातलं आपलं हट्टा गाठायचं तर तालुका, जिल्हा, राज्य असं सगळं सोबत लिहावं लागतं. शेवटी ‘नाणी’ हा शब्द जोडून पाहिला की नाणेसंग्राहकाची खरी अडचण कळते. नाण्याचा राजा, टांकसाळ, वजन, लिलावातली किंमत हे सगळं इंटरनेटवर सापडतं. ते नाणं कोणत्या गावच्या शिवारात निघालं, हे मात्र क्वचितच सापडतं. इतिहासाला नेमकं तेच हवं असतं.

हट्ट्याभोवतीचा हा सगळा टापू १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत, देव्हाऱ्यातल्या डबीत किंवा पत्र्याच्या पेटीच्या तळाशी सगळ्यात जास्त आढळतो तो निजामाचा रुपया, म्हणजे हाली सिक्का. त्याच्या शेजारी इंग्रजांचा कलदार असतो. सात हालीला सहा कलदार असा साधारण भाव होता, आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात हे दोन रुपये कधी एक झाले नाहीत. क्वचित एखादी झिजलेली शिवराई निघते, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’.

चारमिनार छापाचा हाली रुपया हातात घ्या. उर्दू येत नसली तरी तो घरबसल्या बऱ्यापैकी लावता येतो. चारमिनारच्या दारात एक अक्षर असतं. ते ‘मीम’ असेल तर नाणं मीर महबूब अली खान यांचं आणि ‘ऐन’ असेल तर मीर उस्मान अली खान यांचं. उस्मान अली १९११ मध्ये गादीवर आले, म्हणजे ‘ऐन’चं नाणं त्याआधीचं असूच शकत नाही. मग हिजरी साल. आपल्याकडची माणसं आकड्यांत फसतात, कारण तिथला पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. सात वर उघडा असतो, आठ म्हणजे तोच उलटा. आकडा १३३७ लागला असं धरू. त्याला ३ ने गुणून १०० ने भागलं की साधारण ४० येतात. ते वजा केले की १२९७ उरतात, त्यात ६२२ मिळवले की १९१९. चांद्र वर्ष लहान असल्यामुळे ही वजाबाकी करावी लागते. नेमकं बघितलं तर १३३७ हे साल ऑक्टोबर १९१८ ते सप्टेंबर १९१९ असं येतं. आसफजाहींच्या, म्हणजे निजामांच्या, नावानं १८५७ नंतर पडलेल्या जुन्या, हातानं ठोकलेल्या रुपयांवर ९२ हा आकडा दिसतो. नवखा माणूस त्याला साल समजतो. ती ‘मुहम्मद’ या नावाच्या अक्षरांची बेरीज आहे: ४०, ८, ४० आणि ४.

इतकं झालं की ताळा करायला न्यूमिस्टा हे नाण्यांचं संकेतस्थळ उघडावं. चारमिनारचा रुपया साधारण ११.१८ ग्रॅमचा, ८१८ टंच चांदीचा. सराफाच्या काट्यावर तो दहा ग्रॅमच्या खाली भरला तर संशय घ्यायलाच हवा. हातानं ठोकलेल्या, टांकसाळीचं नाव अर्धवट उमटलेल्या नाण्यांसाठी झेनो हा पौर्वात्य नाण्यांचा ऑनलाइन संग्रह जास्त उपयोगी पडतो, कारण तिथे एकाच प्रकारची अनेक नाणी शेजारीशेजारी बघायला मिळतात. ओरिएंटल न्यूमिस्मॅटिक सोसायटी १९७० मध्ये स्थापन झाली. तिची जुनी वार्तापत्रं फुकट वाचता येतात, आणि माझ्या मते भारतीय हौशी संग्राहकाला याहून चांगली शाळा नाही. मोठ्या लिलावगृहांच्या याद्यांतले फोटो उत्तम असतात. पण तिथली वर्णनं विक्रीसाठी लिहिलेली असतात, हे ध्यानात ठेवून वाचावं. आपल्याकडे नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था उभी आहे. पडद्यावर अडलेलं तिथल्या ग्रंथालयात सुटू शकतं.

इंटरनेट आर्काइव्हवरच्या फुकट ग्रंथांबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. रॅप्सनची ब्रिटिश म्युझियममधल्या नाण्यांची सूची १९०८ ची. सातवाहन नाण्यांसाठी सगळे आधी तीच उतरवून घेतात, आणि घ्यावीच. पण ती फुकट मिळते ती जुनी झाल्यामुळे. कुंभ सातकर्णी हा सातवाहन राजा तिच्यात शोधून सापडणार नाही, कारण त्याचा पत्ता लागला तोच मुळी १९३९ मध्ये, हिंगोलीला लागून असलेल्या आजच्या वाशीम जिल्ह्यात.

मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळा गावी त्या वर्षी सातवाहनांच्या पोटिन या मिश्रधातूच्या नाण्यांचा साठा निघाला. सुमारे सोळाशे नाणी. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आणि राजाचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी ती वाचून लेख लिहिला. न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडियाच्या नियतकालिकाच्या दुसऱ्या खंडात तो छापला गेला. गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञ ही ओळखीची नावं होतीच. सोबत कुंभ, कर्ण आणि शक ही पुराणांच्या राजयादीत नसलेली नावंही आली. हीच नाणी बाजारात सुटी सुटी विकली गेली असती तर? ती एकत्र होती, गाव माहीत होतं, म्हणून उत्तर सातवाहन काळात विदर्भावर कोणाची सत्ता होती याचा माग काढता आला.

आता हा साठा इंटरनेटवर ‘वाशीम’ म्हणून शोधा. जुन्या लेखनात तो मिळणार नाही. १९३९ मध्ये तऱ्हाळा अकोला जिल्ह्यात होतं आणि वाशीम जिल्हा झाला १९९८ मध्ये. हिंगोलीचंही तसंच. १ मे १९९९ पूर्वीचं जे काही आहे ते परभणीच्या नावाखाली, आणि १९४८ च्या आधीचं हैदराबाद संस्थानाच्या. वसमत तर इंग्रजीत कधी बासमत, कधी बसमथ असं लिहिलेलं आढळतं. म्हणून शोधाला बसण्यापूर्वी आपल्या गावाभोवतीची जुनी तालुका-जिल्ह्यांची नावं आणि त्यांची सगळी स्पेलिंगं एका कागदावर काढून ठेवावीत. इम्पीरियल गॅझेटिअर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया ग्रंथालयात उघडतं, ही स्पेलिंगं तिथूनच उचलता येतात.

मिळालेलं नीट ठेवणं हे निम्मं काम आहे, आणि सगळे तिथेच ढिले पडतात. मोबाइलमध्ये हजार फोटो असतात, पण कोणता कशाचा हे सांगता येत नाही. एका नाण्याला एक क्रमांक द्यावा. तोच पाकिटावर, तोच दोन्ही बाजूंच्या फोटोंच्या नावात, तोच तक्त्यात. तक्त्यात वजन, व्यास, धातू, वाचलेला मजकूर आणि जुळलेल्या नोंदीचा दुवा लिहावा. दुवे मरतात, म्हणून त्या पानाची प्रत वेबॅक मशीनवर जतन करावी. व्हॉट्सॲपवरून फोटो साधा पाठवला की तो दाबला जातो आणि अक्षरांच्या कडा पुसट होतात. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. तक्त्याचा सगळ्यात महत्त्वाचा रकाना ‘कुठून आलं’ हा. तिथे ‘आजीच्या पेटीतून’, ‘सराफाकडून मोडीतून’, ‘नांगरताना’ असं जे खरं असेल ते लिहावं. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहावं.

नांगराखाली मडकं निघालं तर नियम वेगळा आहे. १८७८ च्या भूमिगत धन कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. लोक जप्तीच्या भीतीनं गप्प बसतात आणि चांदी मुशीत जाते. धनावर कोणाचा हक्क निघाला नाही आणि वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा, असंही तोच कायदा सांगतो. सरकारला ते हवं असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त द्यावे लागतात. लपवणाऱ्याला मात्र वाटाही मिळत नाही आणि वर शिक्षा होऊ शकते. हे गावोगावी माहीत असतं तर कितीतरी मडकी वाचली असती.

लक्ष्मीपूजनाला घराघरांतले जुने रुपये ताटात येतात. आदल्या दिवशी ते चिंच-राखेनं घासले जातात. ते तेवढं थांबवावं, कारण प्रत्येक घासण्याबरोबर अक्षरं आणि वजन दोन्ही जातं. पूजा उरकली की काट्यावर ठेवावेत, फोटो काढावेत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं: हे कोणी आणलं, कुठल्या बाजारात, कशाच्या बदल्यात? हाली रुपया १९५९ पर्यंत व्यवहारात होता. त्या वर्षी तो हातात घेऊन दुकानात गेलेलं दहा वर्षांचं पोर आज पंच्याहत्तरीच्या पलीकडे आहे.