नको त्या दिशेला बहिरे होण्याची विद्या

पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावावरून जाणारा मार्ग खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीपायी बदलणार, असे रेल्वे खात्याने सांगितले आणि जुन्नर-संगमनेरकडे संताप उसळला. त्या संतापाला आम्ही वेळापूरकर नावे ठेवणार नाही. फलटण-पंढरपूर रेल्वेची वाट बघण्यात आमच्या पिढ्या गेल्या. पण त्या गदारोळात एक वाक्य वारंवार कानावर आले आणि बोचले : "एवढे मोठे शास्त्रज्ञ, नको तो आवाज गाळून टाकता येत नाही होय?" गाळण्याचे ते शास्त्र शिकवण्यात माझी नोकरी संपली.

२००१ च्या ४ ऑक्टोबरला रतन टाटांच्या हस्ते राष्ट्रार्पण झालेली ही दुर्बीण आता पंचविशीला टेकली आहे. तिचे जनक गोविंद स्वरूप २०२० च्या सप्टेंबरात गेले. त्यांनी १९६५ मध्ये कल्याणला ३२ छोट्या तबकड्या मांडल्या, १९७० मध्ये उटीच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली. हे सगळे गौरवग्रंथांत येते, मी पुढे जातो.

माझे दशक नव्वदचे. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या, तारेच्या जाळीच्या तबकड्या एकेक करून उभ्या राहत होत्या. एकूण ३०, त्यांतल्या १४ मधल्या चौकात आणि बाकीच्या तीन फाट्यांवर, काही कोस लांबवर. आणि त्याच वर्षांत आमच्या अभ्यासक्रमात 'अँटेना अ‍ॅरे', म्हणजे अनेक अँटेना एकत्र जोडण्याचा, धडा ऑप्शनला टाकायचा होता! पेपर काढणाऱ्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला ऐकवले होते, "हे लष्करी रडारवाल्यांचे काम, आपली पोरे टीव्हीच दुरुस्त करणार." आज त्याच पोरांच्या खिशातल्या फोनसाठी टॉवरवरची ५जी अँटेना हाच धडा गिरवते. एकाच फ्रीक्वेन्सीवर एका फोनकडे झोत टाकताना दुसऱ्या फोनच्या दिशेला ती मुद्दाम शून्य पाडते, म्हणजे तिकडे जवळजवळ काही जाऊ देत नाही. गृहस्थ हयात असते तर टॉवरखाली नेऊन उभे केले असते.

वेळापुरात हे शून्य तेव्हा घरोघरी होते. रात्री मीडियम वेव्हवर दूरची स्टेशने एकमेकांच्या अंगावर यायची. मग ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवायचा. आतल्या फेराइटच्या दांड्याची टोके ज्या दिशेला, तिकडचे त्याला जवळजवळ ऐकू येत नाही. एक स्टेशन मावळायचे, दुसरे उजळायचे. पोरांना मी यावरूनच शिकवले. दुर्बिणीच्या अँटेना मात्र एकत्र जोडल्या, की शून्यासाठी काही फिरवावे लागत नाही. प्रत्येकीच्या संदेशाला थोडा उशीर लावायचा, थोडे वजन कमी-जास्त करायचे आणि मग बेरीज करायची. ताऱ्याकडून आलेल्या लहरी एका तालात येऊन वाढतात. टॉवरकडून आलेल्या एकमेकींना मारून टाकतात. पॉल हॉवेल्स यांनी १९५० च्या दशकाअखेरीस रडारसाठी ही युक्ती यंत्राकडून आपोआप करून घेतली आणि सिडनी ॲपलबॉम यांनी तिचे गणित मांडले.

फुकट मात्र काही मिळत नाही. ३० अँटेना असतील तर एक दिशा हवी ती; उरतात फार तर २९ शून्ये. ती पाडताना हव्या दिशेची ताकद थोडी घटते आणि भलत्याच बाजूची कुजबूज वाढते. शिवाय एका फ्रीक्वेन्सीवर अचूक बसलेले शून्य पलीकडच्या फ्रीक्वेन्सीवर जागचे हलते.

नंतरची वर्षे मला कंटाळवाणी. तारा गेल्या, सॉफ्टवेअर आले, बोलण्यासारखे कमी झाले. एक गोष्ट तेवढी सांगतो. विश्वाच्या बालपणीच्या हायड्रोजनचा शोध १५० मेगाहर्ट्‌झच्या आसपास घेताना उ-ली पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खोडदला जमिनीवरचा कोलाहल छळत होता. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाशातला स्रोत सरकतो, जमिनीवरचा खांब सरकत नाही. या एवढ्या फरकावरून त्यांनी न सरकणारे सारे गणिताने वेगळे काढले. म्हटले तर शून्य पाडण्याचाच हा प्रकार. ठिणग्या टाकणाऱ्या विजेच्या तारा कुठल्या, हेही त्यातून हुडकता आले. न सरकण्यावर उभी असलेली ही युक्ती धावत्या गाडीपुढे काय करणार?

तेव्हा 'गाळून टाका' म्हणणाऱ्यांनी थोडे ऐकावे. विजेवरची गाडी धावते तेव्हा टपावरचा पँटोग्राफ आणि तार यांच्यामध्ये ठिणग्या उडतात. त्यांचा आवाज एका फ्रीक्वेन्सीचा नसतो, सगळीकडे सांडतो. गाडी जागा बदलत राहते, म्हणजे शून्यही तिच्यामागे पळवावे लागते. आणि अँटेनांच्या जवळून ती गेली तर तिच्या लहरी सपाट येत नाहीत, वाकड्या येतात. ताऱ्यासारखी तिला 'एक दिशा' नसते. सगळ्यात वाईट म्हणजे जवळच्या दांडग्या आवाजाने तबकडीवरचा ॲम्प्लिफायरच गुदमरतो. बेरजेच्या आधीच संदेश विद्रूप झाला, तर नंतर शून्य कशावर पाडणार? म्हणून तर ही जागा निवडताना भोवतीचे डोंगर पाहिले होते. तो आडोसा ॲम्प्लिफायरच्याही आधी काम करतो.

रूळ वळवता येतील, कदाचित वळतीलही. डोक्यावरून फिरणारे उपग्रह कोण वळवणार? स्टारलिंकच्या उपग्रहांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात अनाहूत लहरी गळतात, हे युरोपातल्या लोफार दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवून दिले. हायड्रोजन शोधण्याचा तो १५० चा आकडा नेमका याच पट्ट्यात येतो. उपग्रह हजारो आहेत आणि खोडदची शून्ये २९.