वणव्याचा नकाशा हिवाळ्यातच काढावा

अकोटहून उत्तरेला निघाले की पोपटखेडनंतर सपाटी संपते आणि सातपुडा सुरू होतो. शहानूर, नरनाळ्याचा किल्ला आणि त्यापुढे मेळघाटचे रान. यातल्या नरनाळा, वान आणि अंबाबरवा अभयारण्यांचा कारभार अकोट वन्यजीव विभागाकडे आहे. साग-बांबूचे हे जंगल पानझडी. होळीच्या सुमारास वाळक्या पानांचा थर साचतो, गवत पिवळे पडते आणि एक काडीही पुरते. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम. आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसाच्याच हातून लागतात: मोहफुले वेचायला झाडाखाली लावलेली आग, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून लावलेली आग, न विझवता फेकलेली बिडी.

उपग्रहाला ही आग दिसते ती तिच्या उष्णतेमुळे. साधारण चार मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त किरणांत जळती जागा भोवतालच्या जमिनीपेक्षा कितीतरी प्रखर उमटते. देहरादूनचे भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून ‘मोडिस’ या संवेदकाच्या आधारे आगीच्या सूचना देत आले आहे. त्याच्या चित्रातला एक चौकोन एक किलोमीटर रुंदीचा. 2017 पासून ‘व्हीआयआयआरएस’ या दुसऱ्या संवेदकाची जोड मिळाली आणि चौकोन 375 मीटरवर आला. तरी तो सुमारे 14 हेक्टरांचा, म्हणजे 35 एकरांचा होतो. पडद्यावरचा लाल ठिपका त्याच्या मध्यावर असतो. आग त्यात कुठल्याही कोपऱ्यात असू शकते.

भौगोलिक माहिती प्रणालीचे, म्हणजे जीआयएसचे काम इथून सुरू होते. नुसते अक्षांश-रेखांश घेऊन वनरक्षकाने काय करावे? परिक्षेत्र, नियतक्षेत्र, कक्ष क्रमांक यांच्या हद्दींचा थर ठिपक्याखाली आला की कोणी निघायचे ते कळते आणि एसएमएस नेमक्या माणसाला जातो. वऱ्हाडात या थराची गरज जास्तच आहे, कारण उन्हाळ्यात शेतकरी पऱ्हाट्या आणि धुरे पेटवतात. उपग्रहाला शेतातली आग आणि रानातली आग सारखीच. वनहद्द समोर नसेल तर माणसे नको तिथे पळतील. मात्र शेतातला प्रत्येक ठिपका पुसून टाकणे मला धोक्याचे वाटते. जंगलाच्या कडेच्या धुऱ्याची आग वाऱ्याबरोबर रानात शिरते. हद्दीलगतच्या पट्ट्यातला ठिपका वणव्याइतक्याच गांभीर्याने पाहायला हवा.

या व्यवस्थेचे खरे दुखणे उशिराचे. व्हीआयआयआरएस वाहणारे उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास वरून जातात. दुपारी तीनला लागलेली आग मध्यरात्र उलटेपर्यंत त्यांच्या नजरेला पडत नाही. इन्सॅटचा स्थिर उपग्रह अर्ध्या तासाला चित्र देतो, पण त्याचा चौकोन चार किलोमीटरचा. अकोटची सपाटी 300 मीटरच्या आसपास, नरनाळा 900 मीटरच्या वर. आणि चढ दहा अंशांनी वाढला की वर सरकणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. अशा डोंगरात दहा तास फार झाले.

म्हणून जीआयएसची मोठी कमाई ठिपका उमटण्याआधीची आहे. मागच्या वर्षांचे ठिपके, उतार, गवत, पायवाटा, पाणवठे एकावर एक ठेवले की दरवर्षी जळणारे पट्टे उघडे पडतात. जाळरेषा कुठे रुंद करायची, फायर वॉचर कुठे बसवायचा, ब्लोअर कुठे ठेवायचा, हे थंडीतच ठरवता येते. पण थर ताजे हवेत. मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड ही गावे जंगलाबाहेर वसवली गेली. जुन्या नकाशावर तिथे अजून वस्ती दिसते, प्रत्यक्षात मोकळ्या शिवारात गवत वाढले आहे, आणि वाळले गवत सर्वांत आधी पेटते. नाले, पायवाटा, झरे इथल्या कोरकू आदिवासी माणसाइतके कोणालाच ठाऊक नाहीत. त्याच्यासोबत फिरून त्या वाटा जीपीएसवर नोंदवणे हे उपग्रहाइतकेच मोलाचे काम आहे आणि त्याला पैसाही थोडाच लागतो.

रानालगत शेत असलेल्यांनी धुरा पेटवू नये. आणि डोंगरात धूर दिसला तर उपग्रहाची वाट न पाहता वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. जवळच्या नाल्याचे किंवा पाणवठ्याचे नाव तेवढे आठवणीने सांगा.