इंग्लंडांतील पदभ्रमण-मंडळें

शाळेची सहल म्हटली कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें मोटार, फराळाचे डबे, गाणीं आणि शेवटीं एखादा किल्ला किंवा धरण असें चित्र उभें राहतें. चालणें त्यांत असलेंच तर नाइलाजानें असतें. इंग्लंडांत मात्र अशीं शेंकडों मंडळें आहेत कीं ज्यांचा सारा उद्योग चालणें हाच होय. बहुधा रविवारीं, कोठें आठवड्यांतून दोनतीनदांही, दहापासून तीसपर्यंत माणसें एका ठरल्या जागीं जमतात आणि एका वाटाड्याच्या मागून शेतांच्या कडेनें, ओढ्याकांठानें, डोंगरमाथ्यावरून सातआठ मैल फिरून संध्याकाळीं घरीं परततात. अशा मंडळास तेथें रॅम्बलिंग क्लब म्हणतात. आम्ही त्यास पदभ्रमण-मंडळ म्हणूं. वर वर पाहतां यांत विशेष तें काय, असें कोणासही वाटेल, व आम्हांसही तसेंच वाटलें होतें. परंतु अशा एका मंडळाबरोबर एक दिवस चालून आल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, हे लोक नुसते चालत नाहींत. चालून कांहीं तरी राखीत असतात.

प्रथम या प्रघाताच्या उगमाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. लेस्ली स्टीफन या विद्वान् गृहस्थानें १८७९ सालीं लंडनमध्यें आपल्या मित्रांची रविवारी चालणारी एक टोळी जमविली होती, हें खरें. पण चालण्याचें वेड पसरलें तें गिरण्यांच्या व पोलादाच्या शहरांत. लँकेशायरमधील कोल्न या गिरणगांवीं टी. ए. लेनर्ड नांवाचे धर्मोपदेशक होते. वार्षिक सुटींत गिरण्या बंद पडल्या कीं कामगार वर्षभर साठविलेला पैसा समुद्रकांठच्या गजबजलेल्या गांवीं उधळतात आणि गेले त्याहून अधिक थकून येतात, हें त्यांनीं पाहिलें. म्हणून १८९१ सालीं त्यांनीं आपल्या मंडळींतील तीस तरुणांस सरोवर-प्रांतांतील अँबलसाइड येथें डोंगर चालावयास नेलें. पुढें १९०० सालीं शेफील्ड येथील जी. एच. बी. वॉर्ड या कारखान्यांतील फिटरनें 'क्लॅरियन' पत्रांत जाहिरात देऊन कोण येतो तें विचारलें. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारीं चौदा जण आले, आणि किंडर स्काउट या पठाराच्या भोंवतीं सुमारें वीस मैलांची फेरी झाली. सहा दिवस धुरांत व यंत्रांच्या घरघरींत काढणाऱ्या माणसास सातवा दिवस मोकळ्या हवेचा मिळावा, इतकाच त्यांत हेतु होता.

आम्ही गेलों तेंही त्याच किंडरच्या पायथ्याशीं. ऑक्टोबरचा रविवार होता. शेफील्ड व मँचेस्टर या दोन्ही शहरांकडून येणाऱ्या आगगाड्या ईडेल या लहानशा स्टेशनावर थांबतात. तेथें आम्ही गोळा झालों. वाटाड्या म्हणून साठी उलटलेल्या एक निवृत्त शिक्षिकाबाई होत्या. त्यांनीं प्रथम सर्वांच्या पायांकडे पाहिलें! एका तरुणाचे जोडे पातळ तळाचे होते. त्यास त्यांनीं हळूच बाजूस घेऊन खालच्या सोप्या वाटेनें जाणाऱ्या दुसऱ्या तुकडीबरोबर जाण्यास सांगितलें. मग त्यांनीं माणसें मोजलीं. त्यांच्यासुद्धां आम्ही चोवीस भरलों.

वाटाड्याचें काम त्या दिवशीं सुरू होत नाहीं, हें आम्हांस तेथें कळलें. बाई आधल्या आठवड्यांत ही वाट एकट्या चालून आल्या होत्या. कोठें चिखल आहे, कोठें फाटक मोडलें आहे, फराळास बसण्याजोगा आडोसा कोठें आहे, हें सारें त्यांनीं नकाशावर टिपलें होतें. वेळेचा हिशेब करण्यास त्यांच्याजवळ एक जुना ठोकताळा होता. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानें तो १८९२ सालीं सांगितला: दर तीन मैलांस एक तास, आणि दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. आमची वाट नऊ मैल व चढ सुमारें तेराशें फूट. म्हणजे तीन तास चाळीस मिनिटें. "हा हिशेब एकट्या धडधाकट माणसाचा. घोळका त्याहून हळू चालतो," असें म्हणून बाईंनीं सहा तास धरले होते.

घोळका हळू कां चालतो? तेथील शेतांस दगडी कुसवें असतात, आणि पायवाट जेथें कुसूं ओलांडते तेथें चढून उतरण्यासाठीं लांकडी किंवा दगडी पायऱ्या केलेल्या असतात. त्यांस स्टाइल म्हणतात. माणूस जाऊं शकतो, मेंढरूं जाऊं शकत नाहीं, अशी ती युक्ति. एका माणसास स्टाइल ओलांडावयास अर्धें मिनिट लागलें, तर चोविसांस बारा मिनिटें लागतात. पहिला माणूस तसाच पुढें चालत राहिला तर शेवटचा त्याच्यामागें अर्ध्या मैलाहून अधिक पडतो. म्हणून वाटाड्या प्रत्येक स्टाइलपलीकडे थांबतो. सर्वांत मागें एक भरंवशाचा माणूस नेमलेला असतो. त्याच्या मागें कोणीही राहावयाचें नाहीं, हा कडक नियम. फाटक उघडें असेल तर उघडें व बंद असेल तर बंद ठेवावयाचें. कुत्रीं मेंढरांजवळ दोरीनें बांधून न्यावयाचीं. पिकांतून एकामागें एक चालावयाचें. या गोष्टींवर कोणी व्याख्यान दिलें नाहीं. जुन्यांकडे पाहून नवे शिकत होते.

जेकब्स लॅडर या नांवाच्या खड्या चढणीनें आम्ही वर गेलों तों आकाश निरभ्र होतें. माथ्याजवळ पोंचतांच मात्र पश्चिमेकडून धुकें आलें, आणि पाहतां पाहतां दहा हातांवरचा मनुष्य दिसेनासा झाला. किंडर स्काउट हें टोंकदार शिखर नव्हे. समुद्रसपाटीपासून ६३६ मीटर उंचीचें तें एक विस्तीर्ण पठार आहे. वर पीट नांवाची काळी, स्पंजासारखी ओली माती, आणि तींत पाण्यानें कोरलेल्या पुरुषभर खोल घळींचें जाळें. एका घळींतून वर यावें तों पुढें तशीच दुसरी! आमच्यापैकीं बहुतेकांस पुढें जाऊन किंडरचा धबधबा पाहावयाचा होता. वारा पश्चिमेचा व जोराचा असला म्हणजे त्याचें पाणी खालीं न पडतां वर उडतें, अशी त्याची ख्याति आहे. बाईंनीं सर्वांस एकत्र उभें केलें, मोजलें, होकायंत्र व नकाशा जुळवून पाहिला, दहा मिनिटें वाट पाहिली, आणि "परत फिरूं या," असें शांतपणें सांगितलें.

एक तरुण कुरकुरला. तो पहांटे उठून लांबून आला होता. बाई म्हणाल्या, "धबधबा पुढल्या रविवारींही तेथेंच असेल. मला तेवीस माणसें परत न्यावयाचीं आहेत." तेवढ्यांत धुक्यांतून एक ग्राउस पक्षी ओरडत उडाला. इंग्रज लोक म्हणतात कीं हा पक्षी "गो बॅक, गो बॅक" असें ओरडतो. सगळे हंसले, तो तरुणही हंसला, आणि आम्ही उतरूं लागलों. आम्हांला विचाराल तर, वाटाड्याची खरी परीक्षा वाट दाखविण्यांत नसून अशा वेळीं नाहीं म्हणण्यांत असते.

याच ग्राउस पक्ष्याच्या पायीं या डोंगरावर एके काळीं मोठा तंटा झाला. ज्या माळावर आम्ही धुक्यांत उभे होतों तो पूर्वीं श्रीमंत जमीनदारांच्या शिकारीसाठीं राखून ठेवलेला असे, आणि शहरांतून आलेल्या कामगारांस राखणदार हांकलून लावीत. २४ एप्रिल १९३२ रोजीं हेफील्ड गांवाहून सुमारें चारशें तरुण उघडपणें या माळावर चढले. राखणदारांशीं झटापट झाली. सहा जण पकडले गेले व पांचांस दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. जुन्या पदभ्रमण-मंडळांच्या चालकांस हा मार्ग पसंत नव्हता, हेंही सांगितलें पाहिजे. जमीनदारांशीं चाललेलें बोलणें यानें बिघडेल, असें त्यांस वाटे. पण शिक्षा ऐकल्यावर लोकमत पालटलें. पार्लमेंटानें १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानांचा व मोकळ्या रानांत जाण्याचा कायदा केला, १९५१ सालीं हाच पीक प्रदेश इंग्लंडचें पहिलें राष्ट्रीय उद्यान झाला, आणि २००० सालच्या कायद्यानें नकाशावर नोंदलेल्या डोंगर-माळांवर पायीं फिरण्याचा हक्क सर्वांस मिळाला. डेव्हनशायरचे ड्यूक हे १९३२ सालीं त्या माळाचे एक मालक होते. त्यांच्या नातवानें २००२ सालीं, सत्तराव्या वर्षदिनीं, आजोबांच्या त्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली.

असो. माळाचा प्रश्न असा सुटला. पण गांवोगांवच्या शेतांतून जाणाऱ्या पायवाटांचा प्रश्न निराळा आहे, व आमच्या मतें तोच अधिक नाजूक आहे. खालीं उतरून अपर बूथच्या शेतांतून येतांना बाईंनीं पिशवींतून झाडें छाटण्याची कात्री काढली आणि वाटेवर आलेल्या कांटेरी फांद्या कापल्या. पुढें एका स्टाइलची पायरी कुजून मोडली होती. तिचें ठिकाण त्यांनीं नकाशावरील आंकड्यांनिशीं वहींत टिपून घेतलें. तें रस्त्यांच्या अधिकाऱ्यांकडे कळवावयाचें होतें. आम्हीं विचारलें, "हें तुमचें काम आहे काय?" त्या म्हणाल्या, "मग कोणाचें?"

इंग्लंड व वेल्स मिळून अशा सार्वजनिक वाटा सुमारें १,४०,००० मैल आहेत. जमीन खासगी, पण तींतून जाण्याचा हक्क सर्वांचा. आमच्या पालकवाचकांस वहिवाट हा शब्द नवा नाहीं. शेतकऱ्याची आपल्या शेतांत जाण्याची वाट शेजाऱ्यानें अडविली तर ती मोकळी करण्यास आपल्याकडे १९०६ सालचा मामलेदार कोर्टाचा कायदा अद्याप उपयोगीं पडतो. इंग्लंडांत वहिवाटीचा हक्क कोणाही वाटसरूचा असतो, हा फरक. लोक एखाद्या वाटेनें वीस वर्षें उघडपणें, अखंड व परवानगी न मागतां गेले असले, तर मालकानें ती वाट सार्वजनिक म्हणून सोडली असें कायदा सामान्यतः गृहीत धरतो. आणि एकदां सार्वजनिक झालेली वाट केवळ कोणी चालेनासें झाल्यानें कायद्याच्या दृष्टीनें नाहींशी होत नाहीं.

मग भीति कशाची? भीति पुराव्याची. १९४९ च्या कायद्यानें प्रत्येक परगण्यास आपल्या वाटांचा अधिकृत नकाशा करावयास लावलें; गांवोगांवच्या लोकांनीं व पदभ्रमण करणाऱ्यांनीं पायीं फिरून त्यासाठीं वाटा टिपल्या. तरी पुष्कळ राहून गेल्या. २०२० सालीं रॅम्बलर्स या संस्थेच्या स्वयंसेवकांनीं जुने व नवे नकाशे ताडून पाहिले, तेव्हां अधिकृत नकाशावर नसलेल्या सुमारें ४९,००० मैल वाटांचा माग लागला. घाई करण्यास कारण होतें. जुन्या नकाशांच्या आधारें वाट नोंदवून घेण्याची मुदत २००० च्या कायद्यानें १ जानेवारी २०२६ पर्यंतच ठेविली होती. पुढें ती २०३१ पर्यंत वाढविण्यांत आली, आणि २०२४ च्या डिसेंबरांत ही मुदत अजिबात काढून टाकण्याचा मनोदय तेथील सरकारनें जाहीर केला. कायदा वाटेस मरूं देत नाहीं, पण तीवर चाललेलीं माणसें मरतात. कोणें एके काळीं येथून लोक जात, हें सांगणारा उरला नाहीं म्हणजे तेथें कांटेरी झुडुपें माजतात, मग तारेचें कुंपण येतें.

आतां वाचकांस कळेल कीं मंडळाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेस इतकें महत्त्व कां. अमुक तारखेस अमुक वाटेनें इतकी माणसें चालत गेलीं, ही नोंद वर्षानुवर्षें राहते, आणि तंटा उपस्थित झाला तर अशा जुन्या पत्रिका व चालणाऱ्यांच्या रोजनिशा पुराव्यादाखल कामीं येतात. एकटा मनुष्य पन्नास वर्षें एका वाटेनें गेला तरी त्याची नोंद कोण ठेवतो? मंडळी गेली कीं साक्षीदार आपोआप तयार होतात. बाईंजवळ अशा पत्रिकांची एक पेटीच होती, असें त्या चालतां चालतां म्हणाल्या. सर्वांत जुनी त्यांच्या वडिलांच्या वेळची.

ईडेलच्या स्टेशनावर पोंचलों तेव्हां दिवे लागले होते. पातळ जोड्यांचा तो तरुण दुसऱ्या तुकडीबरोबर आधींच येऊन चहा पीत बसला होता. फलाटावर बाईंनीं पुन्हां एकदां आमचीं डोकीं मोजलीं, आणि मग वही काढून त्या दिवसाच्या तारखेपुढें लिहिलें: माणसें चोवीस, धबधबा राहिला, अपर बूथची पायरी मोडली आहे.