दाबाखालचा ऑक्सिजन आणि मधुमेही पाऊल

मधुमेह्याच्या पायाची जखम बहुधा न दुखता सुरू होते. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने तळव्याच्या नसा बधिर होतात. चपलेतला खडा टोचत नाही, तापलेली फरशी भाजत नाही. रायपूरच्या मे महिन्यात देवळाला अनवाणी प्रदक्षिणा घातली, एवढेही फोड यायला पुरते. तो फुटल्याचे घरच्यांना पायमोज्यावरच्या डागावरून कळते. पोटरीखालच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या, तर जखमेला ऑक्सिजन कमी पडतो आणि जंतू हाडापर्यंत उतरतात.

हायपरबेरिक ऑक्सिजन उपचाराचा, म्हणजे बंद कोठीत दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देण्याचा, विचार साधारणपणे अशाच खोल जखमांसाठी होतो: जखमेची गंभीरता सांगणाऱ्या वॅग्नर श्रेणीत ३ किंवा त्यापुढच्या, आणि महिनाभराच्या नीट उपचारानंतरही न हटणाऱ्या. नीट उपचार म्हणजे मृत मांस कापून काढणे, योग्य अँटिबायोटिक, साखरेवर ताबा आणि पावलावरचा भार काढणारे प्लास्टर. पायातला रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर तपासणी आधी करावीच लागते. रक्तवाहिनी बंद असेल तर ती उघडणे पहिले; पायात रक्तच उतरत नसेल, तर त्यात विरघळवलेला ऑक्सिजन तरी कसा उतरणार?

उपचारामागचे गणित सोपे आहे. साध्या हवेतही लाल पेशी ऑक्सिजनने जवळजवळ भरलेल्याच असतात. त्यांत आणखी फारसा मावत नाही. रक्तद्रवात मात्र दाबाच्या प्रमाणात तो विरघळतो. साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्तात असा विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. वातावरणाच्या तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतल्यावर तो ६ मिलिलिटरच्या आसपास जातो. पायासाठी २ ते २.५ पट दाब वापरतात. २.४ पट दाब म्हणजे समुद्रात १४ मीटर खोल उतरल्यासारखे. पाणबुड्यांच्या वैद्यकातून आलेल्या या उपचारात प्रत्येक बैठकीला आजही ‘डाइव्ह’ म्हणतात, रायपूरसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातही.

एका रुग्णाची कोठी म्हणजे जाड पारदर्शक ॲक्रिलिकची आडवी नळी. आत जाताना सुती कपडे घालायचे. तेल, मलम, मोबाइल, घड्याळ, काडेपेटी, सगळे बाहेरच. ही शिस्त कठोरपणे पाळली जायलाच हवी. १९९७ साली मिलानच्या एका रुग्णालयात अनेक रुग्णांच्या मोठ्या कोठीला आग लागून ११ जण दगावले. बैठकीआधी साखर तपासतात, कारण आत ती उतरू शकते. कमी असली तर आधी खायला देतात.

दाब चढू लागला की कानांना दडे बसतात. रुग्णाला आधीच शिकवलेले असते: आवंढा गिळा, जांभई द्या, नाक दाबून हळूच फुंका. दुखले तर हात वर करायचा. तंत्रज्ञ दाब तिथेच थांबवतो. वरच्या दाबावर सुमारे दीड तास जातो, अधूनमधून साध्या हवेचे विराम घेत, कारण जास्त ऑक्सिजनने क्वचित झटके येतात. छातीत हवा साठलेल्या, उपचार न झालेल्या न्यूमोथोरॅक्सच्या रुग्णाला मात्र आत घेतच नाहीत. बरेच दिवस उपचार चालला तर नजर काही काळ बदलते. त्या दिवसांत नवा चष्मा करू नये.

आठवड्यातून ५ याप्रमाणे ३० ते ४० बैठका. रायपूरच्या माणसाला हे जमते. सुमारे ३०० किलोमीटरवरच्या जगदलपूरहून आलेल्याला ६ ते ८ आठवडे शहरात खोली घ्यावी लागते, सोबत घरचे एक माणूस, त्याचीही मजुरी बुडते. म्हणून लाभाची शक्यता आधी प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुरावा एकमुखी नाही. २०१० च्या स्वीडनमधील अभ्यासात वर्षभराने ५२ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या, तर खोटी बैठक दिलेल्या गटात २९ टक्के. २०१८ च्या डच अभ्यासात रक्तपुरवठा कमी असलेल्या १२० रुग्णांत ठळक फरक आढळला नाही. अनेकांना पूर्ण बैठका घेणेही जमले नव्हते.

बैठक संपल्यावर दाब हळूहळू उतरवतात, ड्रेसिंग बदलतात, जखमेची लांबी, रुंदी, खोली मोजून लिहून ठेवतात. या नोंदींत तळाशी लाल दाणेदार मांस चढताना दिसले नाही, तर उरलेल्या बैठका थांबवून रक्तपुरवठा आणि हाड पुन्हा तपासतात.