संकलित मंडल, हौशी निर्मिती
सिलिकॉनच्या चकतीवर ट्रँझिस्टर व त्यांना जोडणारे धातूचे पट्टे घडवून साधे संकलित मंडल म्हणजे चिप घरच्या कार्यशाळेत तयार करण्याचा छंद. अब्जावधी रुपयांच्या कारखान्यांत चालणारे हे काम घरी अशक्यप्राय मानले जाई. तथापि त्याच्या आद्य स्वरूपास फार सूक्ष्मता लागत नाही. सिलिकॉनवरील ऑक्साइडाचा थर काही अशुद्धींचे विसरण अडवितो, हे बेल प्रयोगशाळेत फ्रॉश व डेरिक यांना १९५५ मध्ये आढळले. त्यावरच झां हर्नी यांची समतल पद्धत (१९५९) उभी राहिली. हौशी निर्माते मुख्यतः तीच अनुसरतात.

स्वच्छ चकती नळीभट्टीत सु. १,१००° से. तापमानास ऑक्सिजनात वा वाफेत ठेवली की, तिच्यावर सिलिकॉन डाय-ऑक्साइडाचा थर वाढतो. जाडी मोजण्याचे उपकरण नसले, तरी व्यतिकरणाने दिसणाऱ्या रंगावरून अंदाज येतो : फिकट सोनेरी छटा म्हणजे सु. ०·२ मायक्रॉन, निळी-जांभळी म्हणजे सु. ०·३ मायक्रॉन. मात्र जाडी वाढेल तसे तेच रंग पुन्हा येतात, हे ध्यानात ठेवावे लागते. नंतर प्रकाशसंवेदी लेपावर आकृतीची प्रतिमा पाडतात. त्यासाठी चित्रप्रक्षेपकाचा प्रकाश सूक्ष्मदर्शकातून उलट दिशेने पाठवून ती लहान करतात. उघडा पडलेला ऑक्साइड अम्लाने कोरून त्या खिडक्यांतून फॉस्फरस वा बोरॉन यांचे विसरण घडवितात आणि अखेरीस निर्वातात ॲल्युमिनियमाचे बाष्प बसवून जोडण्या करतात.

खरी अडचण शुद्धतेची आहे. घामातील मिठाचा लेशही द्वाराखालील ऑक्साइडात गेला, तर सोडियम आयन विद्युत् क्षेत्रात सरकतात व ट्रँझिस्टर कोणत्या दाबास चालू होईल, याचा भरवसा राहत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे कोरणारे हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल. विरल विद्राव त्वचेवर पडल्यास वेदना कित्येक तासांनी सुरू होऊ शकतात. तोवर फ्ल्युओराइड ऊतकांत शिरून कॅल्शियम बांधून टाकते व हृदयक्रियाही बंद पडू शकते. कॅल्शियम ग्लुकोनेटाचा लेप जवळ असावाच, पण तो वैद्यकीय उपचारांस पर्याय नव्हे. एकट्याने करण्याजोगा हा छंद नाही.

अमेरिकेत जेरी एल्सवर्थ यांनी २०१० च्या सुमारास घरी ट्रँझिस्टर बनविले. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन सॅम झेलूफ यांनी न्यू जर्सीतील घराच्या गॅरेजमध्ये ६ ट्रँझिस्टरांचे वर्धक मंडल (२०१८) व १०० ट्रँझिस्टरांची चिप (२०२१) तयार केली. दुसऱ्या वेळी त्यांनी द्वाराचे ऑक्साइड व बहुस्फटिकी सिलिकॉन यांचे थर आधीच दिलेल्या चकत्या घेतल्या. सर्वांत नाजूक टप्पा त्यामुळे टळला. या चिपेतील रचना सु. १० मायक्रॉनची होती. इंटेल ४००४ या १९७१ मधील सूक्ष्मप्रक्रियकाची रचनाही तेवढ्याच मापाची, परंतु तीत सु. २,३०० ट्रँझिस्टर होते.