अहर्गण आणि संगणकाचे दप्तर

उज्जयिनीची मध्यरेषा प्रमाण मानून ग्रहगणित मांडणारे आपले ज्योतिषी तिथी, मास, संवत्सर ही नावे अखेरीस काढीत. त्यांची मूळ राशी असे अहर्गण, म्हणजे ठरावीक आरंभापासून लोटलेल्या दिवसांची अखंड संख्या. ही संख्या अवाढव्य होऊ नये म्हणून गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघवात ४०१६ दिवसांचे, सुमारे अकरा वर्षांचे, चक्र योजले. ही युक्ती मला आजही विलक्षण वाटते.

संगणकातील माहितीसाठाही दिनांक असाच जपतो. पोस्टग्रेस प्रणाली तो १ जानेवारी २००० पासूनच्या दिवसांच्या पूर्णांकात ठेवते, आणि त्या अंकांची क्रमवार अनुक्रमणिका असली, तर लक्षावधी नोंदींतून एका महिन्याच्या नोंदी क्षणार्धात हाती येतात. परंतु ‘दिनांक अक्षरांत लिहिल्यास एप्रिल २०२४ असा येईल त्या नोंदी द्या’ असे फर्मावले, की प्रत्येक अंकाचा मजकूर बनवून ताडून पाहावा लागतो, ती अनुक्रमणिका निरुपयोगी ठरते, आणि सारे दप्तर चाळले जाते. म्हणून १ एप्रिल वा त्यानंतरचा, परंतु १ मेच्या आधीचा, अशी मर्यादा घालावी. नोंदीत दिनांकासोबत वेळही असेल, तर स्थानिक वेळेचे रूपांतरही त्या दोन सीमांचेच करावे. आणि अक्षररूप निवडक नोंदी हाती आल्यावरच द्यावे. अक्षररूपावर स्वतंत्र अनुक्रमणिका बांधता येते खरी, पण तिला जागा लागते, व प्रत्येक नव्या नोंदीबरोबर तिचीही दुरुस्ती करावी लागते.