येवला : मागावर वसलेलं गाव

मनमाडहून शिर्डीला निघालेल्या गाड्या येवल्याच्या विंचूर चौफुलीवर थांबतात, पैठणीच्या दुकानात तासभर जातो आणि गाडी कोपरगावच्या रस्त्याला लागते. बहुतेकांचं येवला एवढंच. नाशिकपासून सुमारे 80 किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव खरं सुरू होतं ते त्या दुकानांच्या मागे, आतल्या पेठांमध्ये.

हे गाव ठरवून वसवलेलं आहे. राजे रघुजीबाबा शिंदे यांनी ते वसवलं, असं येवलेकर अभिमानाने सांगतात. गाव वसवायचं तर नुसती तटबंदी बांधून भागत नाही, पोटापाण्याचा धंदा लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी विणकर आणि व्यापारी बोलावले, जागा दिल्या. विणकामाचे खास हक्क तर पार इंग्रजी अमलापर्यंत टिकले.  गाव उभं राहिलं ते मागावर. खत्री, साळी, कोष्टी, मोमीन असे वेगवेगळ्या जातीधर्मांचे कारागीर एका धंद्यात आले आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मालाला वाट करून दिली. पुढे माधवराव पेशव्यांनी हे गाव सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांना दिलं. 1858 मध्ये इथे नगरपालिका आली.

पैठणी विणताना पाहायची असेल तर गावात किंवा शेजारच्या नागडे, बल्हेगावात जावं. विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला असतो. कर्नाटकचं रेशीम, सुरतेची जर. काठाचं आणि मधल्या अंगाचं काम सरसर पुढे जातं. पदर आला की हात मंदावतो. मोराच्या गळ्याचा निळा, पानाचा हिरवा, चोचीचा लाल, प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी. ती तेवढ्याच धाग्यांतून न्यायची, शेजारच्या रंगात अडकवायची आणि परत फिरवायची. नजर धागे मोजत असते. नक्षी दाट असेल तर दिवसभराच्या बसण्यात पदर इंच-दोन इंच सरकतो, भरजरी पैठणीला कित्येक महिने लागतात. त्यात घरातले सगळे राबतात: कुणी रेशीम उकलतं, कुणी कांड्या भरतं. लग्नात मिरवणाऱ्या पदरामागे एका कुटुंबाचे इतके दिवस असतात, आणि किमतीची घासाघीस करताना आपण तेच विसरतो.

गावाचा दुसरा आधार मंगळवारचा बाजार. तालुक्याच्या पश्चिमेला पालखेडच्या कालव्याचं पाणी पोचतं. पूर्वेकडची गावं पावसाच्या भरवशावर. पाऊस ओढ देतो त्या वर्षी बाजारातली उलाढालही आटते, कारण इथली दुकानदारी शेतकऱ्याच्या खिशावर चालते. कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीत लागतात, लिलाव होतो आणि त्या पैशातून खरेदी होते. नवरात्रात जवळच्या कोटमगावच्या जगदंबेला हजारो बाया घटी बसतात, त्याच दिवसांत येवल्यात घोडेबाजार भरतो. त्याची परंपराही रघुजीबाबांपर्यंत नेली जाते.

संक्रांतीला मात्र हे गाव ओळखू येत नाही. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सगळे गच्च्यांवर. येवल्याची आसारी, म्हणजे मांजा गुंडाळायची लाकडी चरखी, इथली खास ओळख. पतंग कापला की हलकडी हे वाद्य वाजतं. रंगपंचमीला टिळक मैदानात ट्रॅक्टरवर पिंपं चढवून रंगांचे सामने रंगतात. गुजराती पेठेतून आलेला पतंगाचा नाद इथे साऱ्या जातीधर्मांचा झाला, हे मला या गावाचं मोठेपण वाटतं.

आणि इतिहास? रामचंद्र पांडुरंग येवलेकर, म्हणजेच 1857 चे सेनानी तात्या टोपे, यांचं जन्मगाव हेच. त्यांचे वडील दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी होते. पेशवाई बुडाल्यावर कुटुंब ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला गेलं. 18 एप्रिल 1859 रोजी शिवपुरीत तात्यांना फाशी झाली.

त्याहून मोठी घटना 13 ऑक्टोबर 1935 ची. नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून 1930 पासून चाललेला सत्याग्रह फळाला आला नव्हता. देवळाचं दार उघडत नाही, तर त्या दारासमोर किती दिवस उभं राहायचं? येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मणं आपल्या हाती नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. पुढची 21 वर्षं त्यांनी अभ्यासात आणि विचारात घालवली आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्या वाटेची सुरुवात या बाजारगावात झाली. आज इथे मुक्तिभूमी हे स्मारक आहे. दर 13 ऑक्टोबरला लोक दुरून येतात.

तेव्हा पुढच्या खेपेला शिर्डीला जाताना येवल्यासाठी अर्धा दिवस काढाच. मुक्तिभूमीला जा, मग पेठेत शिरा. पैठणी घ्यायची असेल तर पदर उलटा करून पाहा: हातमागाच्या कामात नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, यंत्रावरच्या कामात मागे धागे लोंबतात किंवा कातरलेले असतात. आणि जमलं तर ती थेट विणकराच्या घरून घ्या, म्हणजे पैसा मागावर बसणाऱ्याच्या हाती पडेल.